विद्यार्थी सहभाग : पाचपैकी एक

"बाई, ह्यो कागद तुमचाच न्हवं?"

आण्णांनी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. आण्णा म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव, मूळ चिखली गावचे. कागद माझाच होता. खाली माझी सही आणि वर मी स्वतः बनवलेला तक्ता. आठवी ब, गणित, पहिला तास, शिक्षिका अश्विनी बिराजदार. 'विद्यार्थी सहभाग' या रकान्यात मी पाचपैकी एक गुण दिला होता. त्याखाली माझ्याच अक्षरात शेरा होता : 'मागील बाकांवरील मुले झोपलेली. शिक्षिकेचे दुर्लक्ष.'

"माझाच आहे," मी म्हटलं.

"मग झालं तर. जूनची ऑर्डर थांबवू हिची. गुरुवारच्या मीटिंगला विषय घेतो."

शेजारी मुख्याध्यापक पाटोळे सर बसले होते. ते खिडकीतून मैदानाकडे असं बघत होते, जणू तिथे काहीतरी महत्त्वाचं चाललंय. मैदान रिकामं होतं.

मी या शाळेची पर्यवेक्षिका. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालची पायरी. वेळापत्रक लावायचं, रजेवरच्या शिक्षकांचे तास दुसऱ्यांना द्यायचे, वर्गात जाऊन शिकवणं बघायचं आणि आठवड्याच्या टाचणवह्यांवर सह्या करायच्या. टाचण म्हणजे कोणत्या तासाला काय शिकवणार, याची शिक्षकाने आधी लिहिलेली नोंद. अश्विनी आमच्या विनाअनुदानित तुकडीवर शिकवते. या तुकडीच्या शिक्षकांचा पगार सरकार देत नाही, संस्था देते. त्यांना दर जूनमध्ये नवी ऑर्डर मिळते. ती निघाली नाही तर कोणी कारणही विचारू शकत नाही.

आणि इथे तर कारण तयार होतं. मीच लिहून दिलेलं.

"आण्णा, हा कागद शिकवणं सुधारण्यासाठी आहे. नोकरी ठरवण्यासाठी नाही," मी म्हटलं.

"एका कागदानं दोन कामं केली तर बिघडलं काय? तुमी लिवलंय ते खरं का खोटं, तेवढं सांगा."

"खरं आहे. मुलं झोपली होती."

"मंग?"

वर्गात मी तडतड बोलणारी बाई आहे, मुलं मला मागून फुलबाजी म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी ती फुलबाजी विझून हातात काडी राहिली.

हा कागद मुळात आला कसा, ते सांगायला हवं.

शाळेत माणूस वर चढतो तो सेवाज्येष्ठतेने. बावीस वर्षं इतिहास शिकवला आणि एका सकाळी पर्यवेक्षिका झाले. दुसऱ्याच्या वर्गात बसून नेमकं काय बघायचं, हे मला कोणीच शिकवलं नव्हतं. आधीचे पर्यवेक्षक दारात पाच मिनिटं उभे राहायचे, फळ्यावर तारीख लिहिली आहे का बघायचे आणि लॉगबुकात 'अध्यापन समाधानकारक' असं लिहून सही करायचे. ते लॉगबुक मी एकदा चाळलं. इतकी वर्षं सगळ्यांचं सगळंच समाधानकारक. मग दहावीचं गणित दरवर्षी का आपटतं, याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एज्युकेशनल लीडरशिपच्या एम.ए.ला नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तास शनिवारी दुपारी आणि रविवारी. वर्गात माझ्या निम्म्या वयाची मंडळी. लॅपटॉप उघडून बसायची आणि मी वही काढली की कौतुकाने बघायची. पहिले दोन महिने मला निम्मे शब्द कळत नव्हते. मग लक्षात आलं की बरेचसे शब्द अवघड आहेत, गोष्टी सोप्या आहेत. इन्स्ट्रक्शनल लीडरशिप म्हणजे शाळेच्या प्रमुखाने फायली बाजूला ठेवून वर्गात काय शिकवलं जातंय तिकडे लक्ष देणं. मला हे मनापासून पटलं. खोटं कशाला बोलू, मी त्या अभ्यासाच्या प्रेमातच पडले. इतकी वर्षं मला जे खटकत होतं त्याला तिथे नाव होतं.

त्यातच एक निबंध होता. शिक्षकाचं शिकवणं सुधारण्यासाठी केलेलं निरीक्षण आणि त्याची नोकरी ठरवण्यासाठी केलेलं मूल्यमापन, या दोन गोष्टी कधीही एकत्र करू नयेत, कारण एकत्र केल्या की शिक्षक आपली अडचण लपवायला लागतो. असं मी चार पानं भरून लिहिलं. मला ए ग्रेड मिळाला. तो पेपर मी घरी सगळ्यांना दाखवला होता.

दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट होता. मी पाठ निरीक्षणाचा नवा तक्ता बनवला. दहा रकाने, प्रत्येकाला पाच गुण. किती मुलांनी हात वर केला, किती प्रश्न विचारले गेले, मागच्या बाकांपर्यंत शिक्षक गेला का. न सांगता जायचं, मागच्या दाराने, म्हणजे वर्ग रोज जसा असतो तसा दिसतो. स्टाफरूममध्ये मी बारा शिक्षकांना समजावून सांगितलं, "घाबरू नका. हा कागद तुमच्या-माझ्यातला आहे. बाहेर जाणार नाही."

अश्विनीने तेव्हा विचारलं होतं, "नक्की ना मॅडम?"

"नक्की," मी म्हटलं होतं.

दीड महिन्यात बारा जणांची निरीक्षणं झाली. मग एक दिवस पाटोळे सर म्हणाले, "मॅडम, संस्थेला दाखवायला शाळेत काय नवीन चाललंय ते द्या की काहीतरी. आण्णा विचारत होते." मी सगळी फाइलच दिली. नावांसकट, गुणांसकट. नावं खोडून देता आली असती. दोन तासांचं काम होतं. पण मला तेव्हा ते सुचलंच नाही, कारण माझं काम आण्णांपर्यंत पोचतंय याचाच आनंद झाला होता. आण्णा वाचतील, म्हणतील बाई हुशार आहे. एवढंच डोक्यात होतं. हे कबूल करायला मला पुढे बरेच दिवस लागले.

तर तो शनिवार. आण्णांच्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा शाळा सुटायला अर्धा तास होता. अश्विनी सायन्स लॅबमध्ये परीक्षानळ्या धुऊन ठेवत होती. ती लातूरकडची. वय चौतिशीचं. नवरा चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामावर होता, ते कंत्राट दिवाळीनंतर संपलं तेव्हापासून घर तिच्या नोकरीवर उभं होतं. मला ते माहीत होतं.

मी तिला सरळ सांगितलं. फाइल मी दिली, आण्णांनी वाचली, गुरुवारी मीटिंग आहे.

तिने नळ बंद केला. "काढायलेत का मला?"

"तसा विचार आहे त्यांचा."

"तुम्ही म्हणाला होतात, हा कागद तुमच्या-माझ्यात राहील."

"हो."

ती रडली नाही, चिडलीही नाही. टॉवेलने हात पुसत राहिली, हात कोरडे झाल्यावरही. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी मी तो प्रश्न विचारला, जो निरीक्षण झाल्या दिवशीच विचारायला हवा होता. माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. मी म्हटलं, "अश्विनी, त्या तासाला मुलं झोपली होती. तुला दिसत होती. तू उठवलं का नाहीस?"

"दुसऱ्या शिफ्टची लेकरं होती ती, मॅडम."

मला समजलं नाही. तिने पिशवीतून टाचणवही काढली आणि शेवटचं पान उघडलं. आठवी ब मधल्या मुलांची नावं होती. प्रत्येक नावापुढे पेन्सिलने अक्षर. प, दु, रा. खोडून खोडून कागद पातळ झाला होता.

पहिली, दुसरी, रात्रपाळी. मुलांच्या वडिलांची, काही ठिकाणी आईचीही.

मग ती बोलत गेली. आमच्या शाळेतली बहुतेक मुलं एका खोलीत राहतात. वडील पहिल्या शिफ्टला असले की कंपनीची बस सव्वापाचला येते, म्हणजे आई चारला उठून डबा करते, दिवा लागतो, स्टोव्ह लागतो, सगळं घर जागं. दुसऱ्या शिफ्टला असले की ते घरी पोचेपर्यंत साडेबारा-एक वाजतो. दार वाजतं, जेवण गरम होतं, बोलणं होतं, मुलं उठून बसतात. काहींना वडील आठवडाभरात तेवढेच दिसतात. आणि आमची शाळा भरते सकाळी सात दहाला. रात्रपाळीवाल्यांची मुलं वर्गात ताजी असतात, पण दिवसभर वडील झोपलेले, म्हणून त्यांना घरात वही उघडून बसता येत नाही. त्यांचा गृहपाठ कधीच होत नाही.

"दुसऱ्या शिफ्टवाल्यांना पहिल्या तासाला जागं ठेवलं तरी डोक्यात काही जात नाही. डोळे उघडे ठेवून झोपतात," ती म्हणाली. "म्हणून मी त्यांना पंधरा-वीस मिनिटं पडू देते. नवीन उदाहरण जागे आहेत त्यांना शिकवते. पाचव्या तासाला माझाच तास असतो. तेव्हा तेच उदाहरण परत घेते. सकाळी शिकलेली लेकरं बाकीच्यांना सांगतात."

"आणि हे पान?"

"दर शुक्रवारी हजेरीला विचारते, आज कोणाची कोणती. इथल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी शिफ्ट बदलते."

"तू हे मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? मी वर्गात लेकरं झोपवते म्हणून?"

त्या टाचणवहीवर दर शनिवारी माझी सही असते. सही करायला मी पहिलं कोरं पान शोधायचे, त्याच्या आधीच्या पानावर नजर टाकायचे आणि पुढची वही ओढायचे. शेवटचं पान मी कधी उलटलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. म्हणजे तयार झालेला पार्ट मापात आहे की नाही हे मोजणं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. जेवता जेवता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुझा गेज कोणी तपासला होता?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे पार्ट मोजायचा तर आधी मोजायचं साधन तपासतात. त्यावर स्टिकर असतो, कधी तपासलं, परत कधी तपासायचं. स्टिकर नसेल तर त्या मापाने पार्ट रिजेक्ट करता येत नाही. तू सरळ बाईच रिजेक्ट केलीस."

मी ताट उचलून आत गेले. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्त राग आला.

रविवारी तासाला गेले. तास संपल्यावर प्रोजेक्टच्या गाइड मॅडमना गाठलं. त्या साठीच्या आसपासच्या, जुन्या मुख्याध्यापिका. मला वाटलं होतं त्या म्हणतील, असू दे, असं होतं. त्यांनी विचारलं, "तक्ता चुकला की तुम्ही चुकलात?"

"तक्ता..." मी सुरुवात केली.



"दोन्ही," मी म्हटलं. "तक्त्यात हात मोजले, मुलं का झोपली ते विचारलं नाही. पण तक्ता चांगला असता तरी मी तो देऊन टाकलाच असता."

"हे प्रोजेक्टमध्ये लिहिणार?"

"लिहिलं तर प्रोजेक्टमध्ये उरतं काय? साधनच चुकीचं ठरलं."

"मग सहा महिने जास्त लागतील. आधी तुमची शाळा निस्तरा." त्यांनी पर्स उचलली. दारातून मागे वळून म्हणाल्या, "आणि त्या मुलीची बाजू मांडताना तिला संत करू नका. संत टिकत नाहीत नोकरीत."

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

सोमवार ते बुधवार मी आठवी ब मध्ये बसले. अश्विनीला विचारून, पुढच्या दाराने, हातात कागद नाही. पहिला तास, मग पाचवा. मागच्या बाकांवर पाच-सहा मुलं डोकं टेकवून पडलेली. अश्विनी बाकीच्यांना बैजिक राशींचे अवयव शिकवत होती. तास संपताना तिने मॉनिटरला सांगितलं, डावीकडचा अर्धा फळा पुसायचा नाही. मधल्या तासांच्या शिक्षकांनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर भागवलं. त्यांनाही सवय होती म्हणजे. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून.

पाचव्या तासाला बाकांची अदलाबदल झाली. सकाळी जागी असलेली मुलं एकेकाच्या शेजारी जाऊन बसली आणि वर्गात बाजार भरल्यासारखा गलका झाला. माझ्या जुन्या तक्त्यात 'वर्गशिस्त' नावाचा रकाना होता. तिथेही मी एकच गुण दिला असता. पण सकाळी गाढ झोपलेली एक मुलगी उठली, फळ्यापाशी गेली आणि तिने ते उदाहरण सोडवलं. एका पायरीला अडकली तर शेजारणीने बसल्या जागेवरून सांगितलं. हात कोणीही वर केला नव्हता. सगळा वर्ग गणितात होता.

पण अश्विनी संत नव्हती. ती फार भरभर बोलते. फळ्यावर इतकं बारीक लिहिते की चौथ्या बाकापासून मागे नुसते ठिपके दिसतात. आणि एक मुलगी दोन्ही तासांना झोपली. तिच्या नावापुढे 'रा' होतं, म्हणजे खरं तर ती जागी असायला हवी होती. अश्विनीलाही सांगता येईना. आम्ही दोघींनी तिला मधल्या सुट्टीत विचारलं. तिची आई मेसचे डबे करते. वडिलांची शिफ्ट कोणतीही असो, पोळ्या लाटायला ती रोज चारला उठते. अश्विनीचा चेहरा पडला. वर्षभर ही मुलगी तिच्या वर्गात होती.

"यादी वडिलांची केली मी," ती म्हणाली. "आईचं काम कंपनीत असेल तरच लिहिलं."

तिने तिथेच त्या पानावर चौथं अक्षर सुरू केलं. मीही तिला फळ्याचं सांगितलं. अक्षर मोठं काढ, आणि लिहून झालं की बाजूला हो. तिने ऐकून घेतलं. पुढच्या तासाला अक्षर मोठं होतं. आमचं हे बोलणं झालं लॅबच्या स्टुलांवर बसून, दहा मिनिटांत. माझ्या दीड महिन्याच्या बारा निरीक्षणांतून एकाही शिक्षकात एवढा फरक पडला नव्हता.

गुरुवारी मीटिंग. आमच्या संस्थेची मीटिंग गुरुवारीच असते, कारण निम्म्या विश्वस्तांची वर्कशॉप्स आहेत आणि त्या दिवशी ती बंद असतात. आण्णा, पाटोळे सर आणि चार विश्वस्त. मी लॉगबुक घेऊन गेले. त्यात सकाळीच लिहून सही केली होती : 'आठवी ब चे माझे पाठ निरीक्षण अपुऱ्या निकषांवर केलेले आहे. ते मी मागे घेत आहे. ते कोणत्याही निर्णयासाठी वापरू नये.'

आण्णांनी चष्मा लावून वाचलं. "बाई, शनिवारी तुमी म्हनलात खरं हाय."

"मुलं झोपली होती हे खरं आहे. शिक्षिकेचं दुर्लक्ष, हे खोटं आहे. ते मी न विचारता लिहिलं."

"पोरं झोपत्यात आन् बाई झोपू देती. ह्यात चांगलं काय ते तरी सांगा."

मी शिफ्टचं सांगायला लागले. प, दु, रा. एक विश्वस्त मोबाइल बघत होते. दुसरे म्हणाले, "मॅडम, आम्हीपण शिफ्ट केल्यात. आमची पोरं शिकली की." पाटोळे सर पुन्हा खिडकीकडे बघायला लागले. माझं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जात होतं, पोचत नव्हतं. इन्स्ट्रक्शनल हा शब्द एकदा तोंडून निघून गेला आणि मी जीभ चावली.

मग मला आण्णांच्या खोल्या आठवल्या. आण्णांच्या जुन्या शेतावर आता तीन मजली खोल्या आहेत, भाड्याने दिलेल्या, सगळे भाडेकरू कामगार.

"आण्णा, तुमच्या खोल्यांची पाण्याची मोटर किती वाजता लागते?"

"चारला. पयल्या शिफ्टवाल्यांना पानी लागतं. न्हाई लावली तर दार वाजवत्यात माझं."

"म्हणजे रोज चारला तुम्ही जागे."

"मी कशाला, वॉचमन लावतो. पर त्या मोटरचा आवाज असा हाय बाई, मेलेलं मानूस उठंल."

"त्या खोल्यांमधली नऊ मुलं आठवी ब मध्ये आहेत."

आण्णांनी चष्मा काढला. ज्यांच्या हातात मोबाइल होता त्यांनी तो उलटा ठेवला.

"मोटर माझी, आन् झोपायचा ठपका त्या बाईवर," आण्णा म्हणाले. हसून नाही.

मला वाटलं संपलं. पण आण्णा काही कच्चे नाहीत. त्यांनी ती जाड फाइल पुढे ओढली. "बरं. ह्यो कागद चूक. मंग बाकीचे अकरा बी चूक का? का फकस्त हिचाच?"

त्या अकरांत चांगले गुण मिळालेले लोक होते. एकीला पन्नासपैकी शेहेचाळीस होते आणि ती आठवडाभर पेढे वाटल्यासारखी फिरत होती. तो कागद खरा आणि हा खोटा, असं म्हणायची सोय नव्हती. गेज एकच होता.

"बाराही चूक," मी म्हटलं. "सगळे परत द्या. मी ते ज्याचे त्याला देते."

"आन् तुमची ती पदवी?"

"लांबेल."

आण्णांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "ऑर्डर काढा, सर," ते पाटोळे सरांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पर बाई, पोरं वर्गात झोपत्यात हे कागदावर नगा लिवू. दुसऱ्या शाळंवाल्यांना कळलं तर ॲडमिशनच्या येळंला तेच सांगत फिरत्याल."

मी ते लिहिलं, प्रोजेक्टमध्ये, शाळेचं नाव न घेता. गाइड मॅडमनी सांगितलं तसे सहा महिने जास्त लागले. पदवी मिळाली. शेहेचाळीस गुणवाल्या बाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. आण्णांची मोटर अजून चारलाच लागते, त्याला त्यांचा इलाज नाही. मी वेळापत्रकात एवढंच केलं की आठवीच्या दुसऱ्या तुकडीचाही गणिताचा एक तास मधल्या सुट्टीनंतर टाकला. आता टाचणवहीवर सही करण्याआधी मी शेवटचं पान बघते. बहुतेक वह्यांत तिथे काही नसतं. दोन-तीन वह्यांत हल्ली काहीतरी दिसायला लागलंय.

लोक विचारतात, या वयात शिकून काय मिळालं. मी सांगते, खूप मिळालं. आपण कुठे चुकलो ते समजायला शब्द मिळाले, आणि चूक कबूल करताना वाटणारी लाज थोडी कमी झाली. हे खरंच आहे. पण तेवढंच सांगून थांबले तर अर्धं सांगितल्यासारखं होईल.

अश्विनीला जूनमध्ये ऑर्डर मिळाली, त्यापुढच्या जूनमध्येही मिळाली. आमचं बोलणं-चालणं छान आहे, सणाला ती मला घरी बोलावते. पहिल्या तासाला मी व्हरांड्यातून जाते तेव्हा मात्र एक गोष्ट मला दिसते. माझी चाहूल लागली की ती शिकवता शिकवता मागच्या बाकांपर्यंत चालत जाते आणि झोपलेल्या मुलांच्या पाठीवर एकेक हात ठेवून त्यांना उठवते. तिला सांगून झालंय, नको उठवूस. ती म्हणते, हो मॅडम. आणि उठवते.

मुलांच्या झोपेसाठी मी आता पहिल्या तासाला पलीकडच्या जिन्याने जाते.